सारखी दिसणारी दोन फुलपाखरे



पावसाळा सरला की आमच्या जांभूळ परिसरात रस्त्याकडेच्या रुईवर नारिंगी फुलपाखरे दिसू लागतात. परिसर अभ्यासाच्या तासाला चौथीच्या मुलांना ती दाखवायला नेलं. एका मुलीने विचारलं, "बाई, याच्या मागच्या पंखावर एकच काळा ठिपका कसा? बाकीच्यांना तर तीन-चार आहेत."

तिने बरोबर ओळखलं. ती दोन वेगळी फुलपाखरे होती.

बिबळ्या कडवा (प्लेन टायगर) : याची अळी रुईची पाने खाते. रुईच्या चिकातली कडू, विषारी द्रव्ये तिच्या अंगात साठतात आणि फुलपाखरातही उतरतात. एकदा चोच मारलेला पक्षी पुन्हा त्या रंगाच्या वाटेला सहसा जात नाही. म्हणून हे फुलपाखरू निवांत, संथ उडतं. मागच्या पंखाच्या मध्यभागी नराला चार आणि मादीला तीन ठिपके असतात.

छोटा चांदवा (डॅनेड एगफ्लाय) : याची अळी घोळीवर वाढते. हो, आपण भाजी करतो तीच घोळ! या फुलपाखरात विष नाही. मादी मात्र हुबेहूब कडव्यासारखी दिसते आणि पक्षी फसतात. नर अगदी वेगळा : काळे पंख, त्यावर चंद्रासारखे पांढरे ठिपके.

अशा नकलेचं स्पष्टीकरण हेन्री बेट्स यांनी अ‍ॅमेझॉनच्या जंगलातली फुलपाखरे अभ्यासून १८६२ मध्ये मांडलं. त्यातली महत्त्वाची गोष्ट अशी, की नक्कल तेव्हाच चालते जेव्हा आजूबाजूला खरे कडवे भरपूर असतात. ते कमी झाले तर 'नारिंगी म्हणजे कडू' हा धडा पक्ष्यांना मिळणारच कुठून?

इथे मला माझी चूक आठवली. गेल्या वर्षी स्वच्छता मोहिमेत कुंपणाकडची सगळी रुई मीच काढून टाकायला लावली होती. शनिवारी मारुतीला घालायच्या माळेपुरतीच आपल्याला रुई आठवते. प्रत्यक्षात ती गेली की कडवा जातो आणि त्याच्या भरवशावर जगणारी चांदव्याची मादीही उघडी पडते.

यंदा एक कोपरा तसाच ठेवलाय, रुई आणि घोळीसकट.

उपक्रम : आठवडाभर रोज दहा मिनिटे निरीक्षण करून वहीत तक्ता करावा : ठिपके किती, उडणं कसं, कोणत्या झाडावर बसलं. फुलपाखरू पकडू नये. रुईचा चीक डोळ्यांत गेल्यास इजा होते, म्हणून पाने तोडू देऊ नयेत.

तुमच्या अंगणातली रुई उपटण्याआधी पान उलटून एकदा बघा, खाली अळी असेल.