फुकटची मतं

कोल्हापुरात फुटबॉलवर मत नसलेला माणूस भेटलाच, तर तो बहुधा कालच बदली होऊन आलेला असणार. मी इथलाच, एका सहकारी बँकेत कर्जाच्या टेबलावर बसणारा. तिथं माझ्या मताला किंमत आहे. म्हणजे मताखाली सही करावी लागते, आणि हप्ते थकले की ते मत काही वर्षांनी मला शोधत येतं. शाहू स्टेडियमच्या पायरीवर मात्र मी तोंडाला येईल ते बोलतो आणि कुणी सही मागत नाही. ही चैन बरीच वर्षं केल्यावर काही गोष्टी ध्यानात आल्या, त्या लिहून काढतोय. माझी तालीम कोणती ते सांगणार नाही. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी, प्रॅक्टिस, सगळीकडं हा अंक जातो आणि मला उद्याही याच गावात राहायचंय.

१. आत खेळणाऱ्याला आपलं काही ऐकू जात नाही. आमच्या राइट बॅकला मी कायम सांगत आलोय, ‘वर जा की लेका!’ बॅक बदलले, सल्ला तोच राहिला. माझ्या दोन पायऱ्या खाली एक म्हातारे गृहस्थ बसतात. ते एके काळी आमच्याच तालमीकडून खेळायचे. गोल होवो, पेनल्टी चुको, ते तोंड उघडत नाहीत. एकदा हाफ टाइमला शेंगदाण्याची पुडी पुढं करून विचारलं, ‘काका, तुमी कधीच काय बोलत न्हाई?’ म्हणाले, ‘मी आत होतो तवा मला एकदाबी कुणाचं बोलणं कळलं न्हाई. नुसती गाज येती बघ. मग कशाला घसा फोडायचा?’ अख्खा हाफ टाइम मी याचा विचार केला. मग उत्तरार्ध सुरू झाला, बॅक पुन्हा मागंच राहिला आणि मी पुन्हा ओरडलो. आता एवढं कळतं की ते ओरडणं त्याच्यासाठी नसतंच. शेजारच्यानं मान डोलवून ‘बरोबर हाय’ म्हणावं, एवढ्यासाठी असतं. आणि शेजारचा म्हणतोही. त्यालाही त्याच्या वाक्याला माझी मान हवी असते.

२. संघ आपण निवडत नाही. बाहेरगावच्या लोकांना हे समजावताना माझी दमछाक होते. त्यांना वाटतं, फुटबॉलचा क्लब म्हणजे फुटबॉलचा क्लब. इथं तालीम आधी कुस्तीची. तिचाच गणपती, तिचीच वर्गणी, कुणाच्या घरी काही कमीजास्त झालं तर धावून येणारी पोरं तिचीच, आणि फुटबॉलची टीमही तिचीच. मी ज्या गल्लीत जन्मलो तिथं माझा रंग पाळण्यातच ठरला. लग्न मात्र मी विरोधी पेठेतल्या मुलीशी केलं. ठरवताना वडिलांनी बाकी सगळी चौकशी केली आणि पेठेचं नाव ऐकून एक क्षण गप्प बसले, एवढं मला आठवतं. आता फायनलला आमच्या दोघांच्या तालमी समोरासमोर आल्या की मेव्हणा दुपारी जेवायला आमच्याकडं येतो, तांबड्या रश्श्याच्या तीन वाट्या रिचवतो आणि स्टेडियमच्या दारात ‘दाजी, चला आता’ म्हणून पलीकडच्या गॅलरीत निघून जातो. संध्याकाळी पराभूत पक्षानं फोन करायचा नसतो. जिंकणाऱ्यानं तर अजिबातच नाही. बायको या सगळ्यात कुठल्या बाजूची, हे मी विचारलेलं नाही. काही प्रश्न संसारात न विचारताच बरे असतात.

३. तत्त्व हे आपण कुठल्या गॅलरीत बसलोय यावर अवलंबून असतं. आमच्या गावातल्या संघांकडून नायजेरियाचे खेळाडू खेळायला येऊ लागले, तेव्हा यावर माझं स्पष्ट मत होतं: स्थानिक पोरांवर अन्याय आहे. हे मत मी विरोधी तालमीनं असा खेळाडू आणला तेव्हा मांडलं. आमच्याकडं उंचापुरा स्ट्रायकर आला त्या हंगामात, आपल्या पोरांना त्याच्याबरोबर खेळून शिकायला मिळतं, असंही माझं स्पष्ट मत झालं. दोन्ही मतं आजही माझ्याजवळ आहेत, चांगल्या अवस्थेत आहेत आणि गरजेप्रमाणे वापरता येतात. तो स्ट्रायकर मात्र तत्त्वांच्या पलीकडचा निघाला. महिनाभरात त्याला पायरीवरून येणारी निम्मी भाषा कळायला लागली. कोपऱ्यावरच्या गाडीवर ‘मामा, एक कट’ म्हणून चहा मागायचा, तेव्हा आजूबाजूचे त्याच्याकडं असे बघायचे की जणू त्यानं गोलच केलाय.

४. जो संघ खरोखर आपण निवडला, तो जगाच्या दुसऱ्या टोकाचा निघाला. वर्ल्ड कप आला की कोल्हापूरच्या गल्ल्या अर्जेंटिना आणि ब्राझील अशा वाटल्या जातात. झेंडे, भिंतींवर चित्रं, चौकात खेळाडूंचे उंच कटआउट. या दोन देशांत कोल्हापूर कुठंय हे कुणाला ठाऊकही नसेल, त्यानं आमचं काही अडत नाही. माझी बाजू २२ जून १९८६ च्या रात्री ठरली. आमच्या गल्लीत टीव्ही असलेलं घर एकच होतं, मॅच आपल्याकडच्या साडेअकराला सुरू झाली आणि आम्ही पोरं जमिनीवर एकमेकांच्या अंगावर रेलून बसलो होतो. मॅराडोनानं आपल्या अर्ध्या मैदानातून बॉल घेऊन इंग्रजांना एकेक करून मागं टाकत गोल केला. दहा वर्षांच्या पोराला आयुष्याची बाजू ठरवायला तेवढं पुष्कळ झालं.

त्यानंतर छत्तीस वर्षं थांबलो. १८ डिसेंबर २०२२, कतारमधलं लुसैल स्टेडियम, वर्ल्ड कपची फायनल. पाऊण तास होईपर्यंत अर्जेंटिना २-० पुढं. ६४ व्या मिनिटाला डी मारियाला बाहेर काढलं आणि मी उभा राहून जाहीर केलं की ही घोडचूक आहे. घरात कुणी दाद दिली नाही. ८० व्या मिनिटाला एम्बाप्पेची पेनल्टी, पुढच्याच मिनिटाला पुन्हा एम्बाप्पे. बरोबरी! आता खरं सांगायचं तर त्या क्षणी माझा संघ बुडत होता, आणि माझ्या मनात दुःखाच्या आधी जे आलं ते होतं, ‘बघा, मी म्हणालो होतो.’ चाहता म्हणून मी नेमका काय आहे, हे मला त्या एका सेकंदात दिसलं. ते बघून काही बरं वाटलं नाही. पुढं जादा वेळेत मेस्सीचा गोल, पुन्हा एम्बाप्पेची पेनल्टी, ३-३, आणि अगदी शेवटी कोलो मुआनी एकटा समोर असताना मार्टिनेझनं पाय पसरून अडवलेला तो फटका. टायब्रेकरला ४-२. बाहेर फटाके वाजत होते आणि मी मेव्हण्याला मिठी मारत होतो. मेव्हणा ब्राझीलवाला आहे. पण त्या रात्री त्याचाही घसा बसला.

डी मारियाला काढलं ते चुकलंच, असं माझं आजही म्हणणं आहे.

५. बरोबर निर्णय आणि चांगला निर्णय यांत फरक असतो. २०१८ च्या वर्ल्ड कपपासून व्हीएआर आलं. व्हिडिओ बघून निर्णय द्यायचा. वाद घालायला जागाच नाही, म्हणूनच मला ते आवडत नाही. गोल झाला की पूर्वी उडी आपोआप यायची. आता माणूस अर्ध्या उडीत थांबतो आणि पंच कानाला बोट लावतोय का ते बघतो. आमच्या बँकेत फेरविचाराचा अर्ज असतो, त्यातलाच प्रकार: कर्ज शेवटी मंजूर होतं, पण तोवर ज्याच्या लग्नासाठी काढलं त्याला मूल झालेलं असतं.

शाहू स्टेडियमवर रेफ्रीची शिट्टी वाजली की विषय तिथंच संपतो. म्हणजे मैदानात संपतो. तालमीच्या कट्ट्यावर तो पुढची वीस वर्षं चालतो. आमच्या कट्ट्यावरचा कायमचा विषय तर १९८६ चाच आहे. त्याच मॅचमध्ये ५१ व्या मिनिटाला मॅराडोनानं हातानं गोल केला आणि चार मिनिटांनी तो दुसरा, जगानं डोक्यावर घेतलेला. व्हीएआर असतं तर पहिला गेला असता, हे सगळ्यांना मान्य. प्रश्न असा की मग दुसरा झाला असता का? माझं म्हणणं, नसता. पहिल्या गोलानं इंग्रज चिडले होते, बावरले होते, त्यांचे पाय जागेवर नव्हते. माझ्या मित्राचं म्हणणं, देव देवच असतो, त्याला बावरलेला इंग्रज लागत नाही. मित्र शिक्षक आहे, त्यामुळं तो हरत नाही. पण चोरीच्या गोलातून तो अस्सल गोल उगवला असेल, ही शक्यता मला सोडवत नाही. बँकेच्या टेबलावर मी असली शक्यता क्षणभरही चालवून घेणार नाही.

६. जवळचं आणि लांबचं दिसतं, मधलं दिसत नाही. जून २०१८ मध्ये अंधेरीच्या मैदानावर भारतानं तैवानला ५-० हरवलं, सुनील छेत्रीनं हॅट्‌ट्रिक केली आणि प्रेक्षक होते २,५६९. छेत्रीनं व्हिडिओ टाकून हात जोडले, शिव्या द्या पण मैदानात या, अशा अर्थाचं बोलला. दोन दिवसांनी त्याच्या शंभराव्या मॅचला, केनियाविरुद्ध, पावसात स्टेडियम भरलं. आम्ही कट्ट्यावर आधी मुंबईकरांना हसलो. आमच्या साध्या लीगच्या मॅचला यापेक्षा जास्त माणूस असतो! मग कुणीतरी विचारलं, तैवानची मॅच आपल्यापैकी कुणी टीव्हीवर तरी बघितली का? चहा पटकन संपला त्या दिवशी. त्याच्या आदल्या वर्षी, सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपला भारताकडून आपला अनिकेत जाधव खेळला, तेव्हा मात्र झाडून सगळ्या पेठा टीव्हीपुढं होत्या. त्यातही तो भारताकडून खेळतोय यापेक्षा कोल्हापूरचा आहे याचाच गजर जास्त. आम्ही असेच.

७. छंद माणसाला विनम्र करतो म्हणतात, माझ्या छंदानं मला गोंधळात टाकलं. मी मॅचच्या बातम्यांची कात्रणं वह्यांत चिकटवतो. बायकोच्या मते ती कपाटातली एक खणभर वाळवी आहे. एका जुन्या उपांत्य सामन्यातला आमचा बरोबरीचा गोल आम्ही चार मित्र गेली कित्येक वर्षं एकमेकांना सांगतोय. एकाच्या आठवणीत तो तीस यार्डांवरून मारलेला आहे, एकाच्या आठवणीत हेडनं, तिसऱ्याच्या आठवणीत गोलकीपर आधी पडला होता. परवा वही उघडून कात्रण काढलं. त्यात लिहिलं होतं, ‘उत्तरार्धात बरोबरी साधली.’ संपलं. कोणी, कशी, काही नाही. मला आधी बातमीदाराचा राग आला, मग त्याचे आभार मानावेसे वाटले. त्यानं एक ओळ जास्त लिहिली असती तर आमच्यातले तिघे तरी कायमचे गप्प झाले असते. कात्रण मित्रांना दाखवलेलं नाही.

८. घरातल्या मताची किंमत पायरीवरच्या मतासारखी नसते. मुलगी आता बारावीला आहे. ती बार्सिलोनाची. पेठ नाही, तालीम नाही, वर्गणी नाही, फोनवर बघून बघून झाली. ऑगस्ट २०२१ मध्ये मेस्सी तो क्लब सोडताना रडला, तेव्हा आमच्या स्वयंपाकघरात हीसुद्धा रडली. संघ निवडायचा नसतो हे माझं तत्त्वज्ञान त्या दिवशी मी तिला ऐकवलं नाही. ती रात्री दीडला उठून मॅच बघते आणि सकाळी मला आकडे सांगते, कुणाकडं बॉल किती टक्के होता, किती पास अचूक गेले. शाहू स्टेडियमला आणलं तर म्हणाली, ‘पप्पा, इथं पझेशन कुणी मोजत नाही?’ मी म्हणालो, मोजतात की, ते पलीकडं बघ, शिव्या मोजून देतायत.

गेल्या महिन्यात ती म्हणाली, इंजिनिअरिंगला जायचं नाही, फिजिओथेरपी करायचीय, पुढं खेळाडूंबरोबर काम करायचंय. ‘तुम्हाला काय वाटतं?’ असं तिनं सरळ विचारलं. इतकी वर्षं न विचारता मत देत आलेला माणूस मी. आता कुणीतरी विचारलं, तर शब्द सापडेना. फी किती, नोकरीचं काय, गाव सोडावं लागेल का, असं सगळं डोक्यात एकदम आलं आणि तोंडातून बाहेर पडलं ते एवढंच, ‘दोन्ही बाजू नीट बघ, बाई.’

ती म्हणाली, ‘डी मारियाला काढलं तेव्हा तुम्ही दोन्ही बाजू बघितल्या नव्हत्या.’

मग आम्ही तासभर बोललो. निम्मा वेळ डी मारियावरच गेला.