नावं ठेवणाऱ्यांचाही टीआरपी

प्रश्न : आमच्या घरी रोज संध्याकाळी सातपासून मालिका सुरू होतात. त्यातल्या एकीला सासूबाई, जाऊबाई आणि मी मनसोक्त नावं ठेवतो. नायिका सगळं मुकाट्यानं सोसते, खलनायिका दाराआडून सगळं ऐकते आणि घरात कुणाला काही पत्ता नसतो. शेजारीपाजारी विचारलं तर त्यांचंही मत हेच. तरी ती मालिका टीआरपीत वरच्या क्रमांकावर! आमच्याकडे तर आजवर कुणी मत विचारायला आलेलं नाही. मग हा टीआरपी ठरवतं कोण आणि कशावरून?
– एक वाचक, सांगली

उत्तर : तुमच्या प्रश्नात दोन कोडी आहेत. न विचारता टीआरपी कळतो कसा, हे एक. आणि सगळे नावं ठेवत असताना मालिका वर जाते कशी, हे दुसरं. पहिलं सोडवलं की दुसरं आपोआप सुटतं.

देशभरातल्या टीव्ही प्रेक्षकांची मोजदाद ‘ब्रॉडकास्ट ऑडियन्स रिसर्च कौन्सिल’, म्हणजेच ‘बार्क’ ही संस्था करते. ती सरकारी आहे असा अनेकांचा समज असतो, पण तसं नाही. वाहिन्या, जाहिरातदार आणि जाहिरात संस्था यांनी मिळून २०१० मध्ये ती स्थापन केली आणि २०१५ पासून तिचे आकडे येऊ लागले. जाहिरातीचा दर ठरवताना विकणारा एक आकडा सांगणार आणि विकत घेणारा दुसरा, तर सौदा व्हायचा कसा? दोघांनाही मान्य होईल असा एकच आकडा हवा, म्हणून हा खटाटोप.

त्यासाठी काही निवडक घरांत टीव्हीला मीटर जोडलेलं असतं. मोजणीत सहभागी असलेल्या वाहिन्या आपल्या आवाजात एक सांकेतिक खूण मिसळतात. ती आपल्या कानाला ऐकू येत नाही, मीटरला मात्र ओळखता येते. त्यावरून कोणती वाहिनी किती वाजता लागली होती याची नोंद होते. पण समोर कोण बसलंय हे मीटरला कसं कळणार? म्हणून घरातल्या प्रत्येकाला एका वेगळ्या रिमोटवर आपापलं बटण दिलेलं असतं. टीव्हीसमोर बसताना ते दाबायचं आणि उठताना पुन्हा दाबायचं. ‘आवडलं’ किंवा ‘आवडलं नाही’ असं बटण त्या रिमोटवर नसतंच.

आता अशा एखाद्या घरात डोकावू. घरात चार माणसं आहेत आणि मालिका अर्ध्या तासाची आहे. आजी पूर्ण ३० मिनिटं बसल्या आणि प्रत्येक प्रसंगाला ‘काय मेलं दाखवतात!’ म्हणत राहिल्या. सूनबाईंनी २० मिनिटं पाहिलं आणि कुकरची शिट्टी झाली तशा त्या उठल्या. मुलगा जेवताना १० मिनिटं समोर होता. नातवाला मालिका मनापासून आवडते, पण त्याचा क्लास असतो. तो दुसऱ्या दिवशी बसमध्ये मोबाइलवर तो भाग बघतो.

हिशोब असा : ३०, २० आणि १० मिळून ६० मिनिटं. भाग ३० मिनिटांचा, म्हणजे दर मिनिटाला सरासरी दोन माणसं टीव्हीसमोर होती. चारांपैकी दोन, म्हणजे या घरापुरतं रेटिंग, अर्थात टीआरपी, ५० टक्के. त्यात सर्वांत मोठा वाटा कुणाचा? नावं ठेवणाऱ्या आजींचा. आणि ज्याला मालिका खरोखर आवडते त्या नातवाचा वाटा शून्य, कारण मोबाइलवरचं बघणं घरातल्या मीटरला दिसत नाही. त्याची नोंद ॲपवाले आपल्याकडे वेगळी ठेवतात.

तुमचं दुसरं कोडं इथेच सुटतं. टीआरपीत मोजलं जातं ते बघणं, आवडणं नव्हे. साबण विकणाऱ्याला एवढंच हवं असतं की मधल्या विश्रांतीत जाहिरात लागली तेव्हा तुम्ही समोर होता. मालिकेवर खूश होऊन बसला होता की वैतागून, यानं साबणाच्या जाहिरातीला फरक पडत नाही. झी मराठीवरची ‘माझ्या नवऱ्याची बायको’ आठवा. त्यातला बायकोला फसवणारा गुरुनाथ आणि त्याची प्रेयसी शनाया यांना नावं न ठेवणारं घर विरळाच असेल. पण २०१६ मध्ये सुरू झालेली ती मालिका २०२१ पर्यंत चालली आणि त्यातला बराच काळ टीआरपीत अव्वल होती. खलनायिकेचा संताप यावा अशीच तर तिची रचना असते. संतापलेला माणूस तिची फजिती बघायला उद्याही येतो.

यावर हमखास येणारी शंका म्हणजे, ‘आमच्या सेट-टॉप बॉक्समधून त्यांना सगळं कळत असेल ना?’ साधी डिश उपग्रहाकडून सिग्नल फक्त घेते, परत काही पाठवत नाही. तुम्ही कुठली वाहिनी लावलीत हे तिच्यामार्फत कुणाला कळण्याची सोय नाही. टीव्ही किंवा बॉक्स इंटरनेटला जोडलेला असेल तर गोष्ट वेगळी. पण दर आठवड्याला जाहीर होणारा टीआरपी मीटरच्या घरांवरूनच काढला जातो.

मग अशी घरं किती? सरकारनं २०२५ मध्ये दिलेल्या माहितीनुसार देशात टीव्ही असलेली घरं सुमारे २३ कोटी आणि मीटर सुमारे ५८ हजार. म्हणजे साधारण चार हजार घरांत एक. तुमच्याकडे कुणी आलं नाही यात नवल नाही.

‘एवढ्याशा घरांवरून सगळ्या देशाचं कसं कळणार?’ असंही विचारलं जातं. शितावरून भाताची परीक्षा होते, फक्त भात नीट ढवळलेला हवा. म्हणून घरं निवडताना शहर आणि खेडं, घरातल्या मुख्य कमावत्या माणसाचं शिक्षण, घरात असलेल्या वस्तू अशा गोष्टींचं प्रमाण सांभाळलं जातं. निवड नीट झाली तर हजार माणसांच्या नमुन्यातूनही उत्तर साधारण तीन टक्के इकडे-तिकडे येतं. ती चूक निम्मी करायची तर नमुना चौपट करावा लागतो. देशाची लोकसंख्या किती, याचा त्यात फारसा संबंध नसतो.

खरी अडचण पुढे येते. या ५८ हजारांतून आधी महाराष्ट्रातली घरं वेगळी काढा. त्यांतून मराठी वाहिन्या बघणारी, त्यांतून ठरावीक वयाच्या स्त्रिया, आणि त्यांतूनही रात्री साडेदहाची मालिका बघणाऱ्या. हाती फार थोडी माणसं उरतात. त्यातली दोन-चार लग्नाला गावी गेली तरी आकडा हलतो. म्हणून गर्दीच्या वेळेतल्या मोठ्या मालिकेच्या आकड्यावर जेवढा भरवसा ठेवता येतो, तेवढा आडवेळेच्या कार्यक्रमाच्या आकड्यावर ठेवता येत नाही. एखाद्याच आठवड्यात तो घसरला तर लगेच निष्कर्ष काढू नये.

घरं मोजकी असल्यानं ती कोणती हे गुप्त ठेवलं जातं. वाहिन्यांत किंवा जाहिरात क्षेत्रात काम करणाऱ्यांची घरं घेत नाहीत आणि दरवर्षी त्यातली काही घरं बदलली जातात. ही काळजी किती गरजेची आहे ते २०२० मध्ये दिसलं. काही घरांना पैसे देऊन ठरावीक वाहिनी लावून ठेवायला सांगितलं जातं, असा आरोप मुंबई पोलिसांनी त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये केला. त्यानंतर वृत्तवाहिन्यांचे आकडे जाहीर करणंच थांबलं. ते थेट मार्च २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाले, तेही चार आठवड्यांची सरासरी काढून.

जाता जाता क्रिकेटचंही सांगतो, कारण तिथे वेगळाच गोंधळ होतो. ‘अमुक कोटी लोकांनी सामना पाहिला’ असं आपण वाचतो. तो आकडा बहुतेक वेळा ‘रीच’चा असतो. सामन्यातलं एखादं मिनिट जरी कुणी पाहिलं, तरी तो माणूस त्यात पूर्ण मोजला जातो. स्कोअर बघून पुन्हा मालिकेकडे वळलेला आणि नाणेफेकीपासून पंचांना शहाणपण शिकवत बसलेला, दोघे तिथे सारखेच. वरच्या घरात मालिकेचं रेटिंग चारांत दोन होतं, पण ‘रीच’ मात्र चारांत तीन. त्यामुळे सामन्याचा ‘रीच’ आणि मालिकेचं रेटिंग शेजारी ठेवून कोण मोठं हे ठरवायला जाऊ नका. चौकात मोठ्या पडद्यासमोर जमलेली गर्दी घरातल्या मीटरला दिसत नाही, ते वेगळंच.

मग आपल्या मताला काही किंमतच नाही का? आहे, पण ते दुसऱ्या वाटेनं पोचतं. रोजच्या मालिकेचे भाग प्रक्षेपणाच्या फार आधी चित्रित झालेले नसतात. त्यामुळे आकडे उतरले की कथानक वळवता येतं, आणि ते का उतरले हे शोधताना लोक काय बोलतात याकडेही लक्ष जातं. एखादं दृश्य आक्षेपार्ह वाटलं, तर वाहिनीकडे लेखी तक्रार करता येते. २०२१ च्या नियमांनुसार वाहिनीनं २४ तासांत पोच द्यायची असते आणि १५ दिवसांत निर्णय कळवायचा असतो. समाधान झालं नाही तर पुढे वाहिन्यांच्या स्वनियमन संस्थेकडे जाता येतं. नायिका फार रडते, ही तक्रार मात्र यात बसणार नाही.

शेवटी, तुम्ही विचारलं नाहीत पण मनात आलं असेल : ‘मग आमच्याकडेच मीटर बसवून घेता येईल का?’ नाही. घर निवडायचं ते मोजणाऱ्यांनी, अर्ज करून मीटर मिळत नाही. मागेल त्याला मीटर दिलं असतं, तर आपली आवडती मालिका जिंकावी म्हणून हट्टाला पेटलेलेच सर्वांत आधी रांगेत उभे राहिले असते, आणि मग त्या आकड्यावर ना जाहिरातदारानं विश्वास ठेवला असता, ना तुम्ही. तेव्हा तुमच्या तिघींना ती मालिका खरोखरच नकोशी झाली असेल, तर त्या अर्ध्या तासात टीव्ही बंद करून पाहा. टीआरपी त्यानं हलणार नाही, पण सासूबाईंना किती दिवस करमतं हे तरी कळेल.