चेन ढिली की झिजलेली? बिल देण्याआधी आपण पाहू



दूध डेअरीवर पोचवायचं, भाजी बाजारात न्यायची, पापड-मसाल्याची पाकिटं दुकानांना द्यायची, तर गाडी लागतेच. कित्येक घरांत ती गाडी गटाच्या कर्जातून आलेली असते. हप्ता आपण भरतो, पेट्रोलचा हिशेब आपण ठेवतो. पण गॅरेजमधून "चेन-सेट गेलाय, बदलावा लागेल" असं सांगितलं की आपण गप्प बसतो. मग एक तर गरज नसताना खर्च होतो, नाही तर "चालतंय तोवर चालू दे" म्हणत गाडी चालवली जाते आणि ऐन घाईत चेन तुटते.

या दोन्ही गोष्टी टाळता येतात. त्यासाठी मेकॅनिक व्हायला नको. पोरांच्या दप्तरातली ३० सेंटिमीटरची पट्टी, खडूचा तुकडा आणि दहा मिनिटं पुरेत.

(हा पाठ मोटारसायकलसाठी आहे. अ‍ॅक्टिव्हासारख्या स्कूटरला चेन नसते, आत रबरी बेल्ट असतो. त्याची तपासणी वेगळी.)

चेन झिजते म्हणजे काय होतं?

इंजिनाची ताकद मागच्या चाकाला चेन पोचवते. पुढे इंजिनाजवळ लहान दातेरी चक्र, मागे चाकाला मोठं. गॅरेजच्या भाषेत हे स्प्रॉकेट. चेनची प्रत्येक कडी पिनेभोवती वळते. धूळ-चिखल आत गेला, तेल आटलं की पिन आणि तिच्या भोवतालची नळी एकमेकींवर घासतात. विहिरीच्या रहाटाचा कणा घासून सैल होतो, तसंच हे. एका सांध्यात झीज केसाएवढी असते, पण चेनला शंभराच्या आसपास सांधे असतात. ती सगळी झीज मिळून चेन लांब होते. लोखंड ताणलं जात नाही, सांधे झिजतात, हे लक्षात ठेवा.

म्हणून दोन गोष्टी वेगळ्या ओळखायच्या:

*ढिली चेन* म्हणजे मागचं चाक थोडं मागे सरकवून ताणून घेतली की काम भागतं. मजुरी थोडी, नवा सामान नाही.

*झिजलेली चेन* म्हणजे सांधेच गेले. कितीही ताणली तरी थोड्या दिवसांत पुन्हा ढिली. ही बदलावीच लागते.

गॅरेजवाल्या दादांनी "गेली" म्हटलं, तर आपला पहिला प्रश्न हाच: "दादा, ढिली झाली की झिजली? मोजून दाखवा."

आधी सुरक्षा

गाडी सपाट जागी मेन स्टँडवर लावा. इंजिन बंद, चावी काढून आपल्या हातात. इंजिन चालू ठेवून चेनला हात, फडकं किंवा ब्रश कधीही लावायचा नाही. चेन आणि चक्राच्या मध्ये बोट सापडलं तर तुटतं. पदर खोचून घ्या, ओढणी बाजूला ठेवा, लहान मुलांना लांब ठेवा.

तपासणी १: ढिलेपणा

बऱ्याच गाड्यांच्या चेन कव्हरला खाली किंवा बाजूला रबरी बूच असतं. ते काढून बोटाने चेनची खालची बाजू, दोन्ही चक्रांच्या मधोमध, वर-खाली हलवून पाहा. लहान गाड्यांना साधारण २ ते ३ सेंटिमीटर हालचाल चालते. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो, तोच धरायचा.

एकाच जागी पाहून थांबू नका. चाक हाताने थोडं फिरवा, पुन्हा पाहा. असं चार-पाच ठिकाणी करा. एके ठिकाणी चेन खूप ढिली आणि दुसरीकडे ताठ लागली, तर ती सारखी झिजलेली नाही. अशी चेन ताणून नीट बसत नाही, कारण ढिल्या जागेला ताणली की ताठ जागा आणखी आवळते.

फार आवळलेली चेनही वाईट. दुधाच्या किटल्या लादल्या, मागे माणूस बसलं की गाडी दबते आणि चेन आणखी ताणली जाते. मग चेन लवकर झिजतेच, शिवाय इंजिनातल्या बेअरिंगवर ताण येतो. "एकदम टाइट करून द्या" असं सांगू नका.

तपासणी २: पट्टीने मोजणी

हा खरा निकाल. यासाठी चेन कव्हर उघडावं लागतं. पंक्चर काढताना किंवा मागचे ब्रेक-शू बदलताना चाक निघतंच, तेव्हा कव्हर उघडून मोजून घ्यायचं.

चेनच्या कडीवर नंबर कोरलेला असतो. १०० ते १२५ सीसीच्या बहुतेक गाड्यांना ४२८ नंबरची चेन असते. नंबर ४ ने सुरू होत असेल, तर दोन लागोपाठच्या पिनांमधलं अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर असतं. मोठ्या गाड्यांचा नंबर ५ ने सुरू होतो. त्यांना खालचं माप लागू नाही.

कामाला दोघी लागतात.

१. चेन आधी पुसून घ्या, नाहीतर पिना दिसत नाहीत.
२. इंजिन बंदच ठेवून गाडी गिअरमध्ये टाका. एकीने मागचं चाक हाताने मागच्या दिशेला ढकलून धरायचं. चेनची वरची बाजू ताठ होते.
३. दुसरीने एका पिनेवर खडूने खूण करायची. ती पिन शून्य. पुढच्या पिना एक, दोन, तीन अशा मोजत विसाव्या पिनेवर दुसरी खूण.
४. पहिल्या खुणेच्या पिनेच्या मध्यापासून दुसऱ्या खुणेच्या पिनेच्या मध्यापर्यंत पट्टीने मोजा.

नव्या चेनीत हे अंतर २५.४ सेंटिमीटर, म्हणजे बरोबर १० इंच भरतं. झीज होईल तसं ते वाढतं. चेन २ टक्के वाढली की संपली, असं या मापाच्या कितीतरी गाड्यांच्या पुस्तिकेत धरलेलं असतं. म्हणजे:

- २५.४ ते २५.६ सेंमी: चेन चांगली. साफ करा, तेल द्या.
- २५.६ च्या वर, २५.९ च्या आत: झीज सुरू आहे. बदलण्यासाठी पैसे बाजूला टाकायला लागा, दर महिन्याला मोजा.
- २५.९ सेंमी किंवा जास्त: बदला. आता थांबण्यात फायदा नाही.

तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत वेगळी मर्यादा दिली असेल, तर तीच धरा. गाडी न्यूट्रलमध्ये आणून चाक फिरवा आणि आणखी दोन ठिकाणी मोजा. सगळ्यात मोठा आकडा खरा मानायचा. शिलाईची कापडी टेप वापरू नका. ती वापरून ताणलेली असते आणि इथे सगळा खेळ पाच मिलिमीटरचा आहे.

तपासणी ३: दात पाहा

नव्या चक्राचे दात दोन्ही बाजूंनी सारखे, माथ्याला थोडे बोथट असतात. झिजलेले दात टोकदार होतात, नाहीतर विळ्याच्या टोकासारखे एका बाजूला वाकलेले दिसतात. एक जरी दात तुटलेला असेल, तर चक्र बाद.

मागचं चक्र लगेच दिसतं, पुढचं झाकणाखाली असतं. पण पुढचंच आधी झिजतं. समजा पुढे १४ दात आहेत आणि मागे ४२. मागचं चाक एकदा फिरेपर्यंत पुढचं चक्र तीनदा फिरतं, म्हणजे तिथल्या प्रत्येक दाताला तिप्पट काम. म्हणून "पुढचंही झाकण काढून दाखवा" असं आवर्जून सांगा.

आणखी एक सोपी खूण. चेनचा ताण बरोबर असताना, मागच्या चक्राच्या अगदी पाठच्या टोकाला चेन चिमटीत धरून मागे ओढा. चांगली चेन दातांना घट्ट चिकटून राहते. ती उचलली जाऊन खालचा अर्धा दात उघडा दिसला, तर झीज झालेली आहे.

फक्त आवाजावर विश्वास नको

कुरकुर, कटकट, गिअर टाकताना झटका, ही सगळी चेन गेल्याचीच लक्षणं नसतात. चेन कोरडी पडली तरी कुरकुरते. ढिली झाली की कव्हरवर आपटून वाजते. मागच्या चाकाच्या आतले रबर झिजले तरी झटका बसतो. म्हणून आधी साफसफाई, तेल आणि ताण. तरीही त्रास राहिला तर मोजणी. मोजणीत चेन चांगली निघाली, तर रबर तपासायला सांगा.

उलट, चेन वारंवार उतरते, ताणण्याची जागा संपत आली आहे, कड्या आखडून वळत नाहीत, असं असेल तर मोजणी पुढे ढकलू नका.

"एक कडी काढून देतो"

असं कुणी म्हणालं तर नम्रपणे नाही म्हणा. कडी काढली की चेन आखूड होते, पण राहिलेले सांधे झिजलेलेच असतात. अशी चेन धावत्या गाडीत तुटली तर चक्रात अडकून मागचं चाक जाम होऊ शकतं, इंजिनाचं कव्हर फुटू शकतं. मागे आपण नाहीतर आपलं लेकरू बसलेलं असतं.

तसंच नुसती चेन बदलून जुनी चक्रं ठेवू नका. झिजलेल्या दातांवर नवी चेन नीट बसत नाही आणि लवकर खराब होते. चेन आणि दोन्ही चक्रं असा पूर्ण सेट एकदम बदलायचा. यात गॅरेजवाले बरोबर सांगतात.

बदलल्यावर आपण काय पाहायचं?

- जुना सेट परत मागून घ्या. नव्या चक्रांचे दात मोजा, संख्या जुन्याइतकीच हवी.
- चेन जोडणाऱ्या लॉकची बंद बाजू चेन ज्या दिशेला धावते त्या दिशेला हवी. चेनची वरची बाजू पुढे धावते, म्हणून लॉक वर असताना बंद बाजू पुढे, उघडी मागे.
- मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना रेघा असतात. दोन्हीकडे चाक सारख्याच रेघेवर हवं, नाहीतर चाक तिरकं बसतं आणि चेन एका बाजूने झिजते.
- चाक सरकवल्यावर मागच्या ब्रेकचा ताणही बदलतो. गाडी न्यायच्या आधी ब्रेक दाबून पाहा.
- चेन कव्हर आणि साडी गार्ड परत बसवून घ्या. आपण एका बाजूला पाय सोडून डावीकडे बसतो आणि बहुतेक गाड्यांची चेनही डावीकडेच असते. मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारं संरक्षण मोटार वाहन नियमांतही सांगितलेलं आहे. "वाजतंय म्हणून काढून टाकलं" हे चालू द्यायचं नाही.
- नवी चेन सुरुवातीला थोडी सैल होते. काही दिवसांनी ताण पुन्हा तपासा.

आयुष्य वाढवायचं आपल्या हातात

साधारण ५०० किलोमीटरला चेन साफ करून तेल द्यावं. पावसाळ्यात, उसाच्या फडातून किंवा धुळीच्या रस्त्याने गाडी जात असेल तर त्याआधीच. जुन्या दातांच्या ब्रशने, थोडं रॉकेल किंवा डिझेल घेऊन घाण काढा, फडक्याने कोरडी करा, मग ९० नंबरचं गिअर ऑइल थेंब-थेंब कड्यांच्या सांध्यांवर सोडा. जास्तीचं पुसून टाका. टायरवर तेल पडू देऊ नका.

इंजिनातलं जळकं ऑइल चेनला घालू नका. फुकट मिळतं खरं, पण त्यात धातूचा कीस आणि काजळी असते. जाड ग्रीस बाहेरच राहतं, सांध्यात उतरत नाही, वर धूळ धरून ठेवतं.

हिशेब मांडून पाहू

समजा, सेट आणि मजुरी मिळून १,५०० रुपये आले आणि चेन २०,००० किलोमीटर चालली. किलोमीटरला साडेसात पैसे पडले. रोज ४० किलोमीटर दुधाची फेरी असेल तर दिवसाला ३ रुपये. तेल-पाण्याची हेळसांड होऊन तीच चेन १०,००० किलोमीटरवर संपली, तर दिवसाला ६ रुपये. हे आकडे उदाहरणासाठी घेतले आहेत. तुमच्या गाडीचे खरे आकडे टाकून बघा. चेन बदलल्याची तारीख, किलोमीटर आणि बिल धंद्याच्या वहीत लिहून ठेवा. रोजचे ते ३ रुपये दुधाच्या खर्चात धरले, तर बदलायची वेळ येईल तेव्हा पैसे तयार असतील, गटाकडे नव्याने कर्ज मागायला नको.

पुढच्या बैठकीसाठी काम

१. गटातल्या किती जणींच्या घरी मोटारसायकल आहे? चेनला शेवटचं तेल कधी दिलं, हे प्रत्येकीने विचारून यावं.
२. एक गाडी बैठकीच्या जागी आणून ढिलेपणा सगळ्यांनी हाताने तपासावा.
३. गावातल्या गॅरेजवाल्या दादांना बोलावून, कव्हर उघडून वीस पिनांची मोजणी करून घ्यावी. आकडा वहीत लिहावा आणि तीन महिन्यांनी पुन्हा मोजावा.