स्विचला हात लावण्याआधी

नवा मोडेम लावला, त्याचा दिवा हिरवा झाला आणि घर मात्र ऐकेना, की माणूस स्क्रू ड्रायव्हर घेऊन भिंतीकडे धावतो. तू धावू नकोस. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा तो प्रकार होतो. स्विचमध्ये बिघाड नाही, त्यांना बदल झाल्याचं कोणी कळवलेलं नाही, एवढंच.

तुम्ही घेतलेल्या घरात आधीच्या मालकाने बसवलेली यंत्रणा इन्स्टिऑन आहे. कॅलिफोर्नियातल्या स्मार्टलॅब्सने ती 2005 मध्ये आणली. अमेरिकेतल्या जुन्या घरांना ती मानवली, कारण भिंत फोडून नव्या तारा टाकाव्या लागत नाहीत. स्विच दोन वाटांनी बोलतात: घरातल्या विजेच्याच तारांतून आणि 915 मेगाहर्ट्झच्या रेडिओवरून. तळघरातला कंट्रोलर म्हणजे सगळी वेळापत्रकं सांभाळणारी डबी. पण तिला तारांची भाषा येत नाही, ती बोलते मोडेमच्या तोंडून. इथली मंडळी त्याला पीएलएम म्हणतात.

आता खरी गोम ऐक. प्रत्येक उपकरणाला जन्मतःच एक पत्ता असतो, सहा आकडे-अक्षरांचा, मागच्या स्टिकरवर छापलेला. कोणाचं ऐकायचं आणि कोणाला कळवायचं याची यादी प्रत्येक स्विच स्वतःच्या पोटात ठेवतो. त्या यादीत जुन्या मोडेमचा पत्ता आहे. नवा मोडेम नव्या पत्त्यानिशी आला आणि त्याची स्वतःची यादीही कोरी. घर बदलून कोणालाच पत्ता न कळवल्यासारखं झालं हे: पत्रं निघतात, पण जुन्या दारात जाऊन पडतात.

म्हणून आधी नुसतं हिंडून बघ. जिन्याखालचा स्विच दाबल्यावर वरचा दिवा लागतो का? लागणार. ते दोघं एकमेकांशी थेट जोडलेले आहेत, मोडेम त्यांच्या मध्ये येतच नाही. संध्याकाळी अंगणातले दिवे आपोआप लागत नाहीत, फोनवरून काही होत नाही, स्विच हाताने दाबला तरी फोनवर त्याची जुनीच स्थिती दिसते, ही सगळी कामं मोडेममधून जाणारी. काय चालतंय आणि काय नाही हे एका कागदावर लिही. तो कागद पुढचा अर्धा शोध वाचवतो. सगळंच बंद असेल तर मात्र पत्त्याचं पुराण सोड, आधी केबल आणि सॉकेट तपास.

क्रम असा ठेव. कंट्रोलरचा बॅकअप घे. कंट्रोलर बंद कर. नवा मोडेम थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये लाव, त्याला कंट्रोलरची केबल जोड आणि मगच कंट्रोलर चालू कर. मग त्याच्या डायग्नॉस्टिक्समध्ये जाऊन मोडेमचा पत्ता वाच. स्टिकरवरचाच पत्ता दिसला पाहिजे. तो जुळेपर्यंत पुढे पाऊल टाकू नकोस, कारण यापुढची पायरी घरभर लिहीत सुटते.

ती पायरी म्हणजे ‘रिस्टोअर मोडेम’. तुमचा कंट्रोलर आयएसवाय असल्यामुळे फाइल मेनूतच ती आहे. तो प्रत्येक स्विचला गाठून यादीतला जुना पत्ता खोडतो, नवा लिहितो आणि मोडेमची कोरी यादीही भरून काढतो. उपकरणं भरपूर असली की यात बराच वेळ जातो. तेवढ्या वेळात घरातल्या कोणीही स्विचला हात लावायचा नाही, पोरांनी तर नाहीच. प्रत्येक दाबण्याचा निरोप त्याच तारांतून जातो आणि चाललेल्या लिखाणात घुसतो. दुपारी सगळे बाहेर असताना हे काम काढावं, असं माझं मत.

एवढं करूनही काही उपकरणं रुसून बसतील, आणि ती बहुतेक बॅटरीवरची असतील: दाराचा सेन्सर, हालचाल टिपणारा सेन्सर, वॉटर हीटरखालचा पाण्याचा सेन्सर, हातातला रिमोट. बॅटरी पुरावी म्हणून ती झोपलेली असतात, त्यामुळे मोडेमची हाक त्यांना ऐकूच जात नाही. कंट्रोलर त्यांच्या नावापुढे छोटं चिन्ह दाखवतो, म्हणजे लिहायचं बाकी आहे. एकेक उपकरण हातात घे, त्याचं सेट बटण दिवा लुकलुकेपर्यंत दाबून धर, मग त्याला लिहायला सांग. झालं की दुसरं. हे काम कंटाळवाणं आहे आणि त्याला आडवाट नाही. पाण्याचा सेन्सर मात्र विसरू नकोस. तो एरवी गप्पच असतो, त्यामुळे राहून गेला तरी कळत नाही, आणि कळतं तेव्हा तळघरात पाणी असतं.

विजेवर चालणारा एखादा स्विच तरीही ऐकत नसेल तर त्याच्या एकट्यासाठी ‘रिस्टोअर डिव्हाइस’ चालव. फॅक्टरी रीसेट करू नकोस. त्याने स्विचची अख्खी यादी पुसली जाते आणि जिन्यातली जी जोडी धड चालली होती तीही मोडते.

त्यानेही भागलं नाही तर संशय तारांवर घ्यायचा. अमेरिकेतल्या घरात 120 व्होल्टचे दोन फेज येतात. एका फेजवरचा निरोप दुसऱ्यावर न्यायला तारा आणि रेडिओ दोन्ही येणारी उपकरणं लागतात आणि ती दोन्ही फेजवर हवीत. दुसरा चोर म्हणजे यूपीएस, स्वस्तातले चार्जर आणि काही एलईडी दिवे. ते तारांतला बारीक सिग्नल गिळतात किंवा त्यावर गोंगाट करतात. मोडेम कधीच सर्ज प्रोटेक्टरच्या पट्टीत लावू नये तो यासाठीच. एकेक उपकरण प्लगमधून काढून पाहा. कोणतं काढल्यावर रुसलेला स्विच बोलू लागतो तिथे चोर सापडला.

हे सगळं उपटून इंटरनेटवरून चालणारं काहीतरी घ्या, असा सल्ला तुम्हाला मिळेल. 2022 च्या एप्रिलमध्ये इन्स्टिऑनचे सर्व्हर पूर्वसूचनेशिवाय बंद झाले. ज्यांचं घर कंपनीच्या हबवर आणि फोनवरच्या ॲपवर विसंबून होतं ते अडकले, आणि ज्यांच्या तळघरात स्वतःचा कंट्रोलर होता त्यांचे दिवे वेळेवर लागत राहिले. त्या जूनमध्ये ग्राहकांच्याच एका गटाने तो व्यवसाय विकत घेतला. मी तरी तळघरातली डबी सोडणार नाही.

आणि हो, उरलेले स्विच पुण्याला बाबांकडे पाठवायचा विचार चालू आहे असं कानावर आलं. तुमच्याकडचे 120 व्होल्ट, 60 हर्ट्झचे आहेत. तिथे 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झ. पाठवू नका.

गॅरेजचं दार सगळ्यात शेवटी तपास. त्याच्यासमोर स्वतः उभी राहा, गाडी बाहेर काढलेली असू दे, आणि फोनवरून दार एकदा उघडून, एकदा बंद करून बघ. फोनवर ‘बंद’ दिसणं आणि दार खरंच खाली आलेलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, सेन्सरची तार उलटी जोडलेली असली की त्या जुळत नाहीत. जुळल्या की नव्या मोडेमचा पत्ता आणि तारीख विजेच्या पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला पट्टीवर लिहून ठेव, आणि ताजा बॅकअप घे. जुना बॅकअप पुसू नकोस, पण त्याच्या नावात ‘जुना मोडेम’ घाल.