'मेमकॉपी'चा वाद : एक अभ्यास

सी भाषेच्या पाठ्यपुस्तकांत 'मेमकॉपी' या फंक्शनच्या वाट्याला फार तर चार ओळी येतात. स्मृतीतील एका जागेचे ठराविक बाइट दुसऱ्या जागी उतरवून ठेवणे, एवढेच त्याचे काम. परीक्षेत त्यावर प्रश्न आलाच तर एक-दोन गुणांचा. परंतु याच फंक्शनवरून 2010 च्या अखेरीस लिनक्सच्या जगात मोठा वाद माजला. लायब्ररी लिहिणे आणि ती सांभाळणे ही दोन कामे किती भिन्न आहेत, हे त्या वादावरून चांगले उमगते. म्हणून त्याचा थोडा विस्ताराने विचार करू.

लिनक्सवरील बहुतेक आज्ञावल्या ग्नू प्रकल्पाच्या 'जीलिबसी' या मुक्त-स्रोत लायब्ररीवर विसंबून असतात. आज्ञावली कंपाइल करताना लायब्ररीचा मजकूर सहसा तिच्यात उतरविला जात नाही. लिंकर फक्त फंक्शनांची नावे नोंदवून ठेवतो, आणि आज्ञावली सुरू होते त्या वेळी त्या यंत्रावर जी लायब्ररी असेल तिच्याशी जोडणी होते. त्यामुळे लायब्ररी बदलली की जिला कोणी हातही लावलेला नाही अशी जुनी आज्ञावलीसुद्धा निराळी वागू शकते. सोय हीच आणि धोकाही हाच.

आता मूळ मुद्दा. स्मृतीतील पाच घरांत अनुक्रमे क, ख, ग, घ, च ही अक्षरे आहेत असे समजा. (यूटीएफ-8 पद्धतीत देवनागरी अक्षराला तीन बाइट लागतात, येथे सोयीसाठी एकच घर धरू.) दुसऱ्या ते पाचव्या घरातील अक्षरे एकेक घर डावीकडे सरकवायची आहेत. डावीकडून आरंभ केला तर पहिल्या घरात ख, दुसऱ्यात ग, असे करीत काम बिनचूक होते. उजवीकडून आरंभ केला तर मात्र आधी पाचव्यातील च चौथ्यात जातो, मग चौथ्यातील (आता तोही चच!) तिसऱ्यात, आणि शेवटी पाचही घरांत च उरतो. मूळ जागा आणि नवी जागा एकमेकींवर चढत असतील तर दिशेला असे महत्त्व येते.

सी भाषेच्या प्रमाण ग्रंथाने याची व्यवस्था केलेली आहे. जागा एकमेकींवर चढत असतील तर 'मेममूव्ह' वापरावे. तेथे 'मेमकॉपी' वापरल्यास परिणामाची कोणतीही हमी नाही. नियम स्पष्ट आहे. पण वर्षानुवर्षे जीलिबसीतील मेमकॉपी व्यवहारात डावीकडूनच काम करीत असे, आणि त्यामुळे नियम मोडणाऱ्या पुष्कळ आज्ञावल्या सुखेनैव चालत होत्या.

पुढे काही प्रोसेसरांवर वेग वाढावा म्हणून इंटेलच्या अभियंत्यांनी नवी मेमकॉपी लिहिली. ती काही प्रसंगी उलट दिशेने काम करी. फेडोरा 14 मधून ती लोकांच्या यंत्रांवर पोहोचली आणि 64-बिट फ्लॅश प्लेअरमधून गाण्यांऐवजी खरखर ऐकू येऊ लागली. फ्लॅशचा स्रोत बंद, तेव्हा बाहेरच्या कोणाला तो दुरुस्त करता येईना. दोष फ्लॅशचाच, लायब्ररीने नियम मोडलेला नाही, असा एक पक्ष होता. लिनक्सचे जनक लिनस टोर्वाल्ड्स यांनी दुसरी बाजू घेतली. नियम कोणी मोडला याच्याशी वापरणाऱ्याला कर्तव्य नाही. काल चालणारी वस्तू आज बंद पडली, एवढेच त्याला दिसते.

प्रस्तुत लेखकाला दुसरा पक्ष अधिक पटतो, पण पूर्णपणे नव्हे. चुकीला कायमचा आश्रय दिला तर लायब्ररीत सुधारणा व्हायची कशी? 2011 मध्ये आलेल्या जीलिबसी 2.14 ने यावर जो तोडगा काढला तो खरोखर पाहण्यासारखा आहे. लायब्ररीत एकाच नावाची दोन फंक्शने ठेवली. प्रत्येकाला आवृत्तीची खूण जोडली: जुन्याला 2.2.5 ची, नव्याला 2.14 ची. पूर्वी तयार झालेल्या आज्ञावलीत जुनी खूण असते, म्हणून तिला जुने नाव मिळते, आणि त्या नावामागे प्रत्यक्षात मेममूव्ह बसविलेले आहे. दिशा कोणतीही असो, बिघाड होत नाही. नव्याने लिंक होणाऱ्या आज्ञावलीला मात्र नवी, वेगवान आणि सवलत न देणारी मेमकॉपी मिळते.

याची किंमतही आहे. नव्या यंत्रावर तयार केलेली आज्ञावली जुन्या यंत्रावर नेली तर '2.14 ही आवृत्ती सापडत नाही' अशा अर्थाचा संदेश येऊन ती अडते. अनेक विद्यार्थी अशा वेळी स्वतःच्याच मजकुरात चूक शोधत बसतात. शिवाय सांभाळणाऱ्यांच्या माथी जुना भार राहतोच. एकदा दिलेली खूण काढून घेता येत नाही.

स्वतःच्या आज्ञावलीत असा दोष आहे काय, हे पाहणे अवघड नाही. 'व्हॅलग्रिंड' खाली ती चालविली, किंवा जीसीसी कंपायलरला 'ॲड्रेस सॅनिटायझर' लावण्यास सांगितले, तर एकमेकींवर चढणाऱ्या जागांवर मेमकॉपी वापरल्याची तक्रार चालताचालता मिळते. आणि ती दोन फंक्शने प्रत्यक्ष पाहायची असल्यास 64-बिट लिनक्स यंत्रावर 'ऑब्जडंप' या साधनाने सी लायब्ररीची नामसूची छापून घ्यावी. 'मेमकॉपी' हे नाव तेथे दोनदा आढळेल, त्यांपैकी 2.2.5 ही जुनी खूण कंसात छापलेली असते.