बदकाच्या पिल्लाचे पाय

(कोंबड्यांबरोबर काही घरांत बदकेही पाळतात. बदकाच्या पिल्लांचे पाय दुबळे का पडतात, ते कसे ओळखावे आणि त्यावर कोणता इलाज करावा, याची माहिती या पाठात दिली आहे.)

बदक हा पाण्यातला पक्षी. पण त्याची पिल्ले पुष्कळदा कोंबडीच्या पंखांखाली जन्माला येतात. ऐकून नवल वाटेल, पण खेड्यांत ही जुनी रीत आहे. अंड्यांसाठी पाळतात त्या खाकी कॅम्पबेल जातीच्या माद्या सहसा अंडी उबवत नाहीत. मग घरातली एखादी खुडूक कोंबडी पाहायची आणि तिच्याखाली बदकाची अंडी ठेवायची. कोंबडीची अंडी २१ दिवसांत फुटतात, बदकाची २८ दिवसांत. बिचारी कोंबडी आठवडाभर जास्त बसते.

पिल्ले बाहेर येतात. पिवळी, मऊ, चपट्या चोचीची. कोंबडीच्या पिल्लांबरोबर तीही अंगणात फिरू लागतात. कोंबडीच्या पिल्लांना मक्याचा भरडा किंवा तांदळाची कणी टाकली, की तीही तेच खातात. आठ-दहा दिवस सगळे ठीक चालते. मग एक दिवस दिसते, की एक पिल्लू मागे राहते. चार पावले चालते आणि बसते. दुसऱ्या दिवशी आणखी दोन पिल्ले तशीच बसतात. उठवले तर थरथरतात. पायाचा मधला सांधा जाड दिसतो, पाय धनुष्यासारखे वाकतात. भांड्यापर्यंत जाता येत नाही, म्हणून पिल्लू खात नाही. खात नाही, म्हणून आणखी दुबळे होते. शेजारी कोंबडीची पिल्ले मात्र मजेत उड्या मारत असतात.

घरात चर्चा सुरू होते. दादी म्हणते, "नजर लागली." अब्बा म्हणतात, "रात्री गारठा लागला असेल." कोणी म्हणते, कोंबडीचा पाय पडला. कोणी पायांना तेल चोळते. चोळण्याने पाय सुधारत नाहीत, कारण दोष बहुधा पायात नसतो. तो खाण्यात असतो.

अन्नात नायसिन नावाचे एक जीवनसत्त्व असते. ते 'ब' गटातले आहे. त्याला 'ब-३' असेही म्हणतात. शरीराला अन्नातून शक्ती मिळवण्यासाठी ते लागते. प्रथिनांमध्ये ट्रिप्टोफॅन नावाचा एक घटक असतो. त्यापासून प्राण्यांचे शरीर थोडे नायसिन स्वतःच तयार करते. कोंबडीच्या पिल्लाला हे काम बऱ्यापैकी जमते. बदकाच्या पिल्लाला ते नीट जमत नाही. शिवाय ते भराभर वाढते, म्हणून त्याची गरजही मोठी असते. कोंबडीच्या पिल्लाला एक किलो खाद्यात साधारण ३० मिलिग्रॅम नायसिन पुरते. बदकाच्या पिल्लाला ५५ मिलिग्रॅम लागते. म्हणजे एकाच भांड्यात जेवणाऱ्या दोघांपैकी एकाचे पोट भरते आणि गरजही भागते; दुसऱ्याचे नुसतेच पोट भरते.

त्यात मक्याची एक गंमत आहे. मक्यात नायसिन असते, पण ते दाण्यात असे बांधलेले असते, की पोटाला ते सोडवून घेता येत नाही. याचा फटका माणसांनाही बसला आहे. अमेरिकेच्या दक्षिण भागात गरीब लोक मुख्यतः मक्यावर जगत. त्यांना पेलाग्रा नावाचा रोग होई. कातडी काळवंडे, जुलाब होत, बुद्धी भ्रमे आणि पुष्कळ माणसे मरत. लोक त्याला संसर्गाचा रोग समजत. डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१४ पासून अभ्यास करून दाखवले, की हा रोग जंतूंचा नसून निकस अन्नाचा आहे. पुढे १९३७ साली कॉनराड एल्व्हेजेम या शास्त्रज्ञाने नायसिन देऊन कुत्र्यांचा तसाच एक रोग बरा केला आणि कोडे सुटले. मेक्सिकोतले लोक पूर्वीपासून चुन्याच्या पाण्यात मका शिजवतात. चुन्यामुळे बांधलेले नायसिन मोकळे होते. आपल्या दख्खनमध्येही, ज्वारीशिवाय फारसे काही न मिळणाऱ्या गरीब लोकांत पेलाग्रा आढळत असे. हैदराबादच्या डॉ. सी. गोपालन यांनी त्याचा अभ्यास केला होता. ज्वारी वाईट नाही. तिच्याबरोबर डाळ, भाजी, दूध नसणे वाईट.

आता पिल्लांकडे वळू. कोंबडीऐवजी बदकीण आई असती, तर तिने पिल्लांना कोठे नेले असते? चिखलात, डबक्यात, भाताच्या खाचरात. तेथे त्यांनी गोगलगायी, किडे, गांडुळे आणि बारीक मासे खाल्ले असते. या खाण्यात त्यांना नायसिन मिळते. केरळातल्या कुट्टनाड भागात भाताची कापणी झाली, की बदकांचे मोठमोठे कळप या शेतातून त्या शेतात नेतात. सांडलेले दाणे आणि चिखलातले जीव खाऊन बदके वाढतात. कोंबडी आई प्रेमळ खरी, पण ती बिचारी कोरड्या जमिनीवर दाणे उकरायला शिकवते. म्हणून अशा पिल्लांच्या पोटाची काळजी आपणच घ्यायला हवी.

पिल्लू लंगडताना दिसले, की त्याच दिवशी इलाज सुरू करावा. जनावरांच्या डॉक्टरांना विचारून नायसिनची गोळी आणावी. चार लिटर पिण्याच्या पाण्यात १०० ते १५० मिलिग्रॅम नायसिन विरघळवावे. हे पाणी रोज ताजे करावे. माणसांसाठीच्या गोळ्या कमीजास्त ताकदीच्या असतात, म्हणून वेष्टनावरचा आकडा वाचूनच माप घ्यावे. वाळवलेल्या यीस्टची भुकटी मिळाली तर तीही चालते. एक किलो खाद्यात सुमारे ५० ग्रॅम मिसळावी. दुबळ्या पिल्लाला इतरांपासून वेगळे ठेवावे आणि दाणापाणी त्याच्या चोचीजवळ ठेवावे. नाहीतर औषध भांड्यात राहते आणि पिल्लू उपाशी मरते. वेळेवर इलाज केला, तर पुष्कळ पिल्ले थोड्याच दिवसांत पायांवर उभी राहतात. उशीर झाला आणि हाडे वाकडी झाली, तर ती मात्र सरळ होत नाहीत. येथे दोन-चार दिवसांची गफलत फार महाग पडते.

पाय फाकण्याचे आणखी एक साधे कारण आहे. गुळगुळीत फरशीवर किंवा वर्तमानपत्रावर ठेवलेल्या पिल्लाचे पाय घसरतात आणि दोन बाजूंना जातात. खाली गोणपाट अंथरावे, म्हणजे पाय रोवता येतात. हा त्रास अंड्यातून बाहेर आल्यावर पहिल्या दिवसांतच दिसतो. नायसिनच्या अभावाचा त्रास नंतर दिसतो. एवढ्यावरून फरक ओळखता येतो. पण पिल्लांचे डोळे चिकटले, मान थरथरू लागली, हिरवट जुलाब झाले आणि एकामागून एक पिल्ले मरू लागली, तर तो संसर्गाचा रोग असू शकतो. तेव्हा घरगुती उपाय करत बसू नये. पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा.

पिल्ले मुळात दुबळी पडूच नयेत म्हणून काय करावे? मक्याच्या भरड्याबरोबर सुका जवळा कुटून द्यावा. खारवलेली मासळी मात्र देऊ नये. जास्त मीठ पिल्लांना बाधते. हिरवा पाला बारीक चिरून द्यावा. भुईमुगाची पेंड फार चांगली, तिच्यात नायसिन भरपूर असते. पण ती आधी हुंगून पाहावी. ओल लागून बुरशी आलेली पेंड म्हणजे विषच. १९६० साली इंग्लंडमध्ये अशी पेंड खाऊन एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले. बदकाची पिल्लेही मेली. त्या विषाला अफ्लाटॉक्सिन म्हणतात. बदकाचे पिल्लू त्याला इतके नाजूक, की विषाची परीक्षा करण्यासाठी शास्त्रज्ञ याच पिल्लांचा उपयोग करत. पावसाळ्यात पेंडीचे पोते जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवावे.

पिण्याचे पाणी नेहमी भरलेले असावे. चोच नाकपुड्यांपर्यंत बुडेल इतके ते खोल हवे, कारण बदक पाण्यानेच नाक साफ करते. पोहायला मात्र पहिले काही दिवस सोडू नये. पिल्लांच्या अंगावर अजून नुसती लव असते. ती भिजली की पिल्ले गारठतात. पुढे ती स्वतःच डबक्याचा रस्ता शोधतात. कोंबडी काठावर उभी राहून जिवाच्या आकांताने ओरडते आणि पिल्ले पाण्यात मजेत गोगलगायी शोधत राहतात.

शब्दार्थ
खुडूक कोंबडी – अंडी उबवायला बसलेली कोंबडी
भरडा – जाडसर दळलेले धान्य
खाचर – पाणी साठवलेले भाताचे शेत
निकस – कस नसलेले
जवळा – वाळवलेली अगदी बारीक कोळंबी
पेंड – तेल काढल्यावर उरलेला चोथा
लव – मऊ, बारीक केस

स्वाध्याय
प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) बदकाची अंडी किती दिवसांत फुटतात?
(आ) पिल्लांच्या पायांखाली गोणपाट का अंथरावे?
(इ) पेंड देण्यापूर्वी काय करावे?
प्र. २. कारणे लिहा.
(अ) एकच खाद्य खाऊन कोंबडीची पिल्ले धडधाकट राहतात, पण बदकाची पिल्ले लंगडतात.
(आ) मक्यात नायसिन असूनही मका खाणाऱ्यांना पेलाग्रा होत असे.
प्र. ३. 'गफलत', 'इलाज', 'नजर' हे शब्द उर्दूतही आहेत. या पाठातून असे आणखी शब्द शोधा आणि प्रत्येकाचा मराठी वाक्यात उपयोग करा.
प्र. ४. तुमच्या घरी किंवा शेजारी पाळलेल्या पक्ष्यांना काय खायला देतात, ते विचारून पाच ओळी लिहा.