कामं मागून येतात

चि. बाळ,


दादाच्या कबरीसाठी तू लिहिलेला मजकूर मिळाला. लेथवरची नोकरी, निवृत्तीनंतर टाकलेलं वर्कशॉप, भावंडांची शिक्षणं, देवळाच्या छपरासाठी केलेली धावपळ, सगळं त्यात आलं आहे आणि सगळं खरं आहे. पण खाली तू विचारतोस, एवढं राबून बाबांना मिळालं काय? दफनाच्या दिवशी जो तो ‘सुटले’ म्हणत होता, त्याने तुझं समाधान झालं नाही. ते होऊही नये. अशाच एका राबणाऱ्या म्हाताऱ्याच्या शेवटच्या दिवसांत तुझ्या प्रश्नाचं उत्तर आहे, म्हणून त्यांच्याविषयी लिहिते.

विल्यम केरी 1761 साली इंग्लंडमधल्या एका खेड्यात जन्मले. जोडे शिवायला शिकले आणि त्या धंद्यात असतानाच लॅटिन, ग्रीक, हिब्रूचा अभ्यास केला. 1793 साली कलकत्त्याला उतरले, ते पुन्हा मायदेशी गेलेच नाहीत. कलकत्त्याजवळचं श्रीरामपूर तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होतं. 1800 पासून तिथेच त्यांचं बिऱ्हाड आणि तिथेच छापखाना. फोर्ट विल्यम कॉलेजात ते बंगाली, संस्कृत आणि मराठी शिकवत. मराठी मुलखापासून इतक्या दूर बसून, पंडित वैजनाथांच्या मदतीने त्यांनी 1805 साली मराठीचं व्याकरण आणि 1810 साली मराठी-इंग्रजी कोश छापला. कोशातले मराठी शब्द मोडी अक्षरांत आहेत. 1811 साली मराठी नवा करारही श्रीरामपूरहूनच निघाला.

आता त्याच माणसाच्या घरात डोकाव. 1794 साली पाच वर्षांचा पीटर आमांशाने गेला. पत्नी डोरोथी यांचं मन त्या सुमारास ढळलं, ते 1807 मध्ये त्यांचा मृत्यू होईपर्यंत ठिकाणावर आलं नाही. या दुःखाचा केवढा भाग त्यांना स्वतःच्या इच्छेविरुद्ध हिंदुस्थानात यावं लागल्यामुळे होता, हे केरींची थोरवी गाणाऱ्यांनी विसरू नये. मग 1812 च्या 11 मार्चला छापखान्याला आग लागली. तेलुगू आणि पंजाबी व्याकरणांची हस्तलिखितं, अनेक भाषांचा मोठा कोश, वर्षानुवर्षांची मेहनत एका रात्रीत राख झाली. केरी त्या दिवशी कलकत्त्यात होते. परत आले, राख पाहिली आणि पुन्हा पहिल्या पानापासून कामाला लागले. आपलं चरित्र कुणी लिहिलंच, तर चिकाटीने काम रेटणारा एवढंच म्हणावं, त्याहून जास्त काही म्हटलं तर ते फाजील होईल, असं त्यांनी पुतण्या युस्टेसला सांगून ठेवलं होतं. दादासारखंच, नाही का?

1832 साली बंगाली बायबलची शेवटची दुरुस्ती संपली, तेव्हा ते म्हणाले की आता आपलं काम झालं, प्रभूच्या इच्छेची वाट पाहायची तेवढी उरली. अंगात बळ नव्हतं. चाकं लावलेल्या खुर्चीतून त्यांना त्यांच्या लाडक्या बागेत फिरवून आणत. अलेक्झांडर डफ भेटायला आले, तिशीही न गाठलेले तरुण मिशनरी. ते केरींच्या कामाविषयी भरभरून बोलत राहिले. केरींनी क्षीण आवाजात प्रार्थना करायला सांगितलं. प्रार्थना करून डफ निघाले, तसं केरींनी त्यांना परत बोलावलं आणि बजावलं: तुम्ही सारखं डॉ. केरी, डॉ. केरी करत होता. मी गेल्यावर डॉ. केरींविषयी काही बोलू नका, डॉ. केरींच्या तारणाऱ्याविषयी बोला.

हा नुसता विनय नव्हता. आपण कुणावर विश्वास ठेवला आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, तरी पवित्र देवापुढे उभं राहायचं आहे आणि आपली पापं आठवतात, तेव्हा थरकाप होतो, असंही ते याच काळात बोलले होते. एवढं काम करूनही थरकाप! कामाच्या बळावर तिथे जायचं असतं, तर केरींइतका निर्धास्त दुसरा कोण असता? त्यांचा आधार वधस्तंभावर होता, कोशांच्या आणि भाषांतरांच्या ढिगावर नव्हता. 1834 च्या 9 जूनला पहाटे ते वारले. दगडावर त्यांच्या सांगण्याप्रमाणे नाव, जन्ममृत्यूचे दिवस आणि आयझॅक वॉट्स यांच्या गीताच्या दोन ओळी आहेत. त्या ओळींत एक असहाय जीव ख्रिस्ताच्या बाहूंत स्वतःला टाकून देतो. कामाचा उल्लेख शून्य.

प्रकटीकरणाच्या चौदाव्या अध्यायातलं तेरावं वचन आज रात्री काढून वाच. प्रभूमध्ये मरणारे कष्टांपासून विसावा घेतात आणि त्यांची कामं त्यांच्यामागून जातात, असं तिथे आहे. क्रम नीट पाहा. कामं पुढे जाऊन दार उघडत नाहीत. दार कृपेने आधीच उघडलेलं असतं. पण कामं वाया जात नाहीत, मागे टाकली जात नाहीत, ती मागोमाग येतात. तुझ्या प्रश्नाला यापेक्षा सरळ उत्तर नाही. दादाला काही कमवायचं राहिलं होतं असं नाही आणि त्याने केलेलं काही हरवलं असंही नाही.

रडू आवरू नकोस. लाजराला आपण उठवणार आहोत हे ठाऊक असूनही प्रभू येशू त्याच्या कबरीकडे जाताना रडला. पुनरुत्थानावर विश्वास ठेवणाऱ्याने रडायचं नाही, असं कोणी वडीलधारा सांगायला आला, तर त्याला योहानाचा अकरावा अध्याय दाखव.

आणखी एक. केरींना अखेरच्या दिवसांत खंत होती ती बागेची. मी गेल्यावर मार्शमनभाऊ बागेत गाई सोडतील, असं एकदा खिन्नपणे म्हणाले. केरींचे सहकारी जोशुआ मार्शमन यांना झाडाझुडपांचा नाद नव्हता, तरी तुमचा जीव जिथे रमला ती बाग राखणं माझं पवित्र कर्तव्य आहे, असं त्यांनी कबूल केलं. वर्कशॉपमध्ये दादा ज्या दोन पोरांना काम शिकवत होता, त्यांचं शिकणं अर्धवट राहिलं आहे. लेथ विकायची घाई करू नकोस. मशिन तुला जमत नाही हे माहीत आहे, पण त्याच्या जुन्या साथीदारांपैकी कोणी आठवड्यातून दोन संध्याकाळी येईल का, ते विचारून बघ. पोरांना पगार द्यायचा राहिला असेल तर तो आधी दे. वहिनीला दुकानाचा हिशोब ठाऊक आहे, तिला बरोबर घे.

तुझी आत्या